घारापुरीचा हरवलेला दगड

शनिवारी सकाळी गेटवेहून लाँच पकडली, तासाभरात घारापुरी. (सोमवारी लेणी बंद असतात हो, उगाच फेरी व्हायची.) पायऱ्या चढून दम लागला, पण सदाशिवासमोर उभं राहिलं की सगळं विसरायला होतं.

मला मात्र छळत राहिली तिथे नसलेली वस्तू. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोउतो लिहितो की इथला शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. तो कुणाला वाचता आला नाही आणि पुढे दगडच गहाळ! एकुलता एक बॅकअप घरी नेऊन हरवावा, तसं. त्यामुळे लेणी कुणी खोदली याला आजही ठाम उत्तर नाही. बेटावर कलचुरी कृष्णराजाची नाणी सापडली, त्यावरून आणि शैलीवरून सहावं शतक धरतात, इतकंच.

ज्याच्यावरून ‘एलिफंटा’ नाव पडलं तो दगडी हत्तीही इथे नाही. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलताना फुटला. तुकडे मुंबईत आणले, पुढे जोडले. आता तो भायखळ्याला, राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी आहे. लहानपणी त्याच्यासमोर फोटो काढलाय मी, पाटी न वाचता.

रविवारी जाऊन वाचून आलो.