हॉलिवूडचे राखणदार

अमेरिकेत १९१२ ते १९२९ या काळात सुमारे ११ हजार मूक कथापट प्रदर्शित झाले. लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी डेव्हिड पिअर्स यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार यांपैकी जेमतेम १४ टक्के चित्रपट मूळ ३५ मिलिमीटरच्या रूपात पूर्ण शाबूत आहेत. सुमारे ७० टक्क्यांचा तर मागमूसही उरलेला नाही. हा आकडा वाचून हळहळ वाटतेच, पण त्याच्या उलट बाजूचा प्रश्न क्वचितच विचारला जातो: जे उरले, ते कोणामुळे उरले? ज्यांनी चित्रपट काढले त्यांनी ते जपले असतील, असे आपण सहज धरून चालतो. जुन्या हॉलिवूडचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. जपणुकीत मोठा वाटा होता तो नटनट्यांवर जीव टाकणाऱ्या रसिकांचा. नियतकालिकांतली चित्रे कापून वह्यांत चिकटवणारे, आवडत्या नटाची जुनी रिळे मिळवण्यासाठी पदरमोड करणारे, एकच चित्रपट पंधरा वेळा पाहणारे हे लोक. स्टुडिओंनी त्यांना गिऱ्हाईक मानले आणि समीक्षकांनी खुळे. माझ्या मते ते चित्रपट-इतिहासाचे पहिले राखणदार होते, आणि ते काम त्यांच्या हातून घडले ते याच खुळामुळे.

स्टुडिओंचे वागणे समजून घ्यायला त्यांचा धंदा पाहावा लागतो. चित्रपट महिना-दोन महिने गावोगाव फिरला, पैसे वसूल झाले, की त्याची किंमत संपली. बोलपट आल्यावर तर मूकपट म्हणजे नुसती अडगळ झाली. त्यात १९५० च्या सुमारापर्यंत वापरली जाणारी नायट्रेटची फिल्म सांभाळायला अवघड. ती आधी पिवळी पडते, मग चिकट होते, तिच्यावर फेस धरतो, रिळाचे वेढे एकमेकांना चिकटून एक गठ्ठा होतो आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. शिवाय ती भयंकर ज्वलनशील. पेटली की पाण्यानेही विझत नाही. ९ जुलै १९३७ रोजी न्यू जर्सीतल्या लिटल फेरी या गावी कडक उन्हाळ्यात फॉक्स कंपनीच्या कोठाराला आग लागली आणि तिचे बहुतेक मूकपट एका रात्रीत गेले. थीडा बारा ही फॉक्सची एके काळची प्रचंड लोकप्रिय नटी. तिने सुमारे ४० चित्रपट केले, आज पूर्ण स्वरूपातले बोटांवर मोजण्याइतकेच मिळतात. आग ही निदान आपत्ती होती. युनिव्हर्सलने १९४८ मध्ये आपले उरलेसुरले मूकपट समजून-उमजून नष्ट केले. खुद्द कलावंतांनाही या कामाचे मोल वाटत नव्हते. मेरी पिकफर्डने आपले जुने चित्रपट विकत घेतले ते आपल्या पश्चात जाळून टाकावेत या विचाराने, कारण नव्या पिढीने आपल्याला हसावे हे तिला सोसणारे नव्हते. पुढे तिचे मन वळले आणि १९७० मध्ये तिने बायोग्राफ कंपनीच्या काळातले आपले ५० लघुपट अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटला दिले.

आता प्रेक्षकाकडे वळू. सुरुवातीला अमेरिकन कंपन्या नटांची नावे पडद्यावर देतच नसत. नाव झाले की पगार वाढवून मागतील, ही भीती. पण प्रेक्षक चेहरा विसरायला तयार नव्हता. फ्लॉरेन्स लॉरेन्सचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते, तरी लोक तिला ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणून ओळखत आणि ती कोण, हे विचारणारी पत्रे कंपनीला पाठवत. पुढे कार्ल लेम्ली यांनी तिला आपल्या कंपनीत ओढले. १९१० मध्ये ती मेल्याची अफवा पसरली. ती खोटी असल्याची ठळक जाहिरात लेम्लींनी दिली आणि तिला सेंट लुईस शहरात लोकांसमोर उभे केले. ही अफवा त्यांनीच उठवली असावी, असे बहुतेक इतिहासकार मानतात. या प्रकारातला व्यापारी चलाखपणा सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्याआधी प्रेक्षकांनी नाव विचारले होते, ही गोष्ट मात्र मागे पडली. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, ‘मोशन पिक्चर स्टोरी मॅगझीन’ आणि ‘फोटोप्ले’ ही मासिके निघाली. पडद्यावरच्या कथा गोष्टीरूपाने छापायच्या, एवढाच त्यांचा मूळ बेत. वाचकांची पत्रे येऊ लागली ती नटांविषयी: त्याचे वय काय, तिचे लग्न झाले आहे का, अमुक चित्रपटात दुसरी मुलगी कोण होती? थोड्याच काळात या मासिकांचा तोंडवळा बदलला. तो वाचकांनी बदलायला लावला.

यावर पहिला आक्षेप असा, की हे प्रेम मुळात कारखान्यात तयार झालेले होते. आक्षेप पोकळ नाही. स्टुडिओंचे प्रसिद्धी विभाग नटांची चरित्रे रचत, खोटी प्रेमप्रकरणे जुळवत, मासिकांना मजकूर पुरवत. लुसिल लसूर या मुलीला नवे नाव देण्यासाठी एमजीएमने १९२५ मध्ये ‘मूव्ही वीकली’त वाचकांची स्पर्धा लावली, त्यातून जोन क्रॉफर्ड हे नाव निघाले, आणि ते तिला स्वतःला आवडलेही नव्हते. ऑगस्ट १९२६ मध्ये मूकपटांचा तारा रुडॉल्फ व्हॅलेंटिनो ३१ व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये वारला, तेव्हा अंत्यदर्शनासाठी लोटलेल्या गर्दीत दंगल झाली. त्या उन्मादालाही प्रसिद्धीयंत्रणेने वारा घातलाच. पण कारखान्याने घडवलेले प्रेम कारखाना थांबला की आटायला हवे. व्हॅलेंटिनोचे चित्रपट बाजारातून गेले, मूकपटच गेले, त्याच्यापासून कमवायला कोणाकडे काही उरले नाही. तरी तो जिथे विसावला आहे त्या लॉस एंजेलिसच्या दफनभूमीत दर २३ ऑगस्टला, त्याच्या मृत्यूच्या वेळी म्हणजे दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी, रसिक अजूनही जमतात.

याहून बळकट पुरावा हम्फ्री बोगार्टचा. वॉर्नर ब्रदर्सने १९५० पूर्वीचा आपला सगळा साठा १९५६ मध्ये २ कोटी १० लाख डॉलरना विकून टाकला. ‘कॅसाब्लांका’ही त्यातच गेला. जानेवारी १९५७ मध्ये बोगार्ट वारला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या ब्रॅटल थिएटरने ‘कॅसाब्लांका’ लावला. हे छोटेसे चित्रपटगृह हार्वर्ड विद्यापीठाच्या कुशीत आहे. चित्रपट पंधरा वर्षांचा जुना, नायक हयात नाही, बनवणाऱ्या स्टुडिओचा त्यावर हक्क नाही. म्हणजे प्रसिद्धी करण्यात कोणाचेच हित नव्हते. तरीही विद्यार्थ्यांनी थिएटर भरले. पुढे परीक्षेच्या दिवसांत बोगार्टचे चित्रपट लावण्याची तिथे प्रथाच पडली. प्रेक्षक संवाद पडद्याच्या बरोबरीने मोठ्याने म्हणू लागले. १९४० च्या दशकातला एक यशस्वी युद्धकालीन चित्रपट आज अभिजात मानला जातो, त्यामागे ही विद्यार्थ्यांची गर्दी आहे. समीक्षकांची मान्यता आली ती मागाहून.

रसिक एकत्र आले की आठवणीला शिस्त येते, याचे उदाहरण म्हणजे लॉरेल-हार्डीच्या चाहत्यांची ‘सन्स ऑफ द डेझर्ट’ ही संस्था. जोडीच्या १९३३ च्या चित्रपटावरून तिने नाव घेतले. स्टॅन लॉरेल शेवटच्या काळात सँटा मोनिकातल्या साध्या घरात राहत असे, त्याचा क्रमांक टेलिफोन डिरेक्टरीत होता आणि आलेल्या पत्रांना तो स्वतः उत्तरे देई. त्याचे चरित्रकार जॉन मकेब यांनी मित्रांसह ही संस्था स्थापली. १९६५ मध्ये, लॉरेल गेला त्याच वर्षी, तिचे काम सुरू झाले. तिच्या शाखांना ‘तंबू’ म्हणतात आणि प्रत्येक तंबूला या जोडीच्या एखाद्या चित्रपटाचे नाव असते. वरवर हा मौजेचा मामला. पण अशाच मंडळींनी कोणता लघुपट कधी चित्रित झाला, कुठल्या रस्त्यावर झाला, कोणते रीळ कोणाकडे आहे याची बारीक नोंद ठेवली. ‘बॅटल ऑफ द सेंच्युरी’ हा १९२७ चा लघुपट त्यातल्या ‘पाय’ (pie) या गोड पदार्थाच्या फेकाफेकीसाठी प्रसिद्ध आहे. क्रीमने भरलेले हजारो पाय रस्त्यावरची माणसे एकमेकांच्या तोंडावर फेकतात. वर्षानुवर्षे या प्रसंगाचा एक तुकडाच पाहायला मिळे, तोही रॉबर्ट यंगसन यांनी १९५७ मध्ये केलेल्या संकलनपटात आल्यामुळे. अख्खे दुसरे रीळ गेले असेच सर्वांनी धरले होते. २०१५ मध्ये ते मिळाले, आणि मिळाले ते एका खासगी संग्राहकाच्या साठ्यात.

ग्लोरिया स्वॉन्सन आणि व्हॅलेंटिनो यांचा एकत्र असा एकच चित्रपट, १९२२ चा ‘बियाँड द रॉक्स’. स्वॉन्सन १९८३ मध्ये गेली, तोवर तो हरवलेलाच होता. नंतर नेदरलँड्समधल्या हार्लेम गावच्या एका संग्राहकाने मागे ठेवलेले डबे तिथल्या चित्रपट-संग्रहालयाकडे आले आणि त्यांत त्याची रिळे सुटी सुटी सापडली. २००५ मध्ये हा चित्रपट पुन्हा पडद्यावर आला.

कोणी म्हणेल, चार-दोन संग्राहकांच्या नशिबावरून एवढा निष्कर्ष कशाला? खरे काम संग्रहालयांनी केले आणि लोकांपर्यंत जुने चित्रपट नेले दूरचित्रवाणीने. दूरचित्रवाणीचा वाटा मोठा आहेच. आरकेओ, वॉर्नर, एमजीएम यांचे साठे १९५५-५६ नंतर छोट्या पडद्यावर आले आणि एका नव्या पिढीला क्रॉफर्ड, केरी ग्रँट, कॅथरिन हेपबर्न घरबसल्या भेटले. पण वाहिन्या जाहिरातींसाठी चित्रपट वाटेल तसे कापत, आणि मूकपटांना तिथे फारशी जागा नव्हती. संग्रहालयांचे म्हणाल, तर ती उभी कोणी केली हे पाहावे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टची फिल्म लायब्ररी १९३५ मध्ये निघाली. ती घडवणारी आयरिस बॅरी लंडनच्या फिल्म सोसायटीच्या संस्थापकांपैकी. रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमधला संग्रह उभा राहिला तो जेम्स कार्ड यांनी छंद म्हणून जमवलेल्या चित्रपटांवर. याच कार्ड यांनी न्यूयॉर्कमध्ये विस्मृतीत दिवस काढणाऱ्या लुईज ब्रूक्स या नटीला शोधून काढले आणि १९५६ मध्ये रॉचेस्टरला आणले. तिथे तिने आपले जुने चित्रपट पाहिले, त्यांवर लेख लिहिले. त्या लेखांचे ‘लुलू इन हॉलिवूड’ हे १९८२ चे पुस्तक आज त्या काळावरच्या उत्तम लेखनात गणले जाते. केव्हिन ब्राउनलो यांची सुरुवात शाळकरी वयात घरगुती प्रोजेक्टरसाठी जुनी रिळे विकत घेण्यापासून झाली. पुढे त्यांनी वृद्ध झालेल्या मूकपट-कलावंतांना गाठून त्यांच्या आठवणी टिपल्या आणि १९६८ मध्ये ‘द परेड्स गॉन बाय’ हे पुस्तक लिहिले. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आकार देणारे पी. के. नायरही लहानपणी चित्रपटाची तिकिटे जमवणारे रसिकच होते. रसिक आणि अभिरक्षक ही दोन वेगळी माणसे नव्हेत. बऱ्याचदा तो एकाच माणसाचा आधीचा आणि नंतरचा टप्पा आहे.

आणि या जपणुकीबद्दल रसिकांना मिळाले काय? कायद्याच्या नजरेत चित्रपटाची प्रिंट बाळगणारा संग्राहक चोर ठरू शकत होता. डिसेंबर १९७४ मध्ये एफबीआयने अभिनेता रॉडी मॅकडॉवल याच्या घरावर छापा घालून शंभराहून अधिक प्रिंट जप्त केल्या. त्याच्यावर खटला झाला नाही, पण संग्राहकांत दहशत पसरली आणि अनेकांनी आपले डबे लपवले. ज्या प्रिंट स्टुडिओंनी स्वतः भंगारात काढल्या असत्या, त्या दुसऱ्याने जपल्या तर गुन्हा, हा न्याय मला आजही अन्यायाचाच वाटतो. वेषभूषेचे तेच. १९७० मध्ये एमजीएमने आपली भांडारे लिलावात काढली. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधले माणिकरंगी बूट १५ हजार डॉलरना गेले. अभिनेत्री डेबी रेनॉल्ड्सने तिथे आणि इतरत्र शेकडो पोशाख विकत घेतले आणि त्यांचे कायमचे संग्रहालय व्हावे म्हणून चाळीस वर्षे धडपड केली. ते जमले नाही. २०११ मध्ये संग्रह लिलावात निघाला, तेव्हा मेरिलिन मन्रोच्या पांढऱ्या झग्यावर ४६ लाख डॉलरची बोली लागली. हॉलिवूडचे स्वतःचे ॲकॅडमी म्युझियम उघडले ते थेट २०२१ मध्ये.

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे. तारेतारकांवरचे प्रेम फक्त तारेतारकांनाच वाचवते. ज्यांना स्टुडिओंनी तारा होऊच दिले नाही, त्यांच्यासाठी वह्या कोण भरणार? हे म्हणणे मी मान्य करतो. कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशो यांचा १९२० चा ‘विदिन अवर गेट्स’ वाचला तो स्पेनमधल्या संग्रहालयात सापडलेल्या एकमेव प्रतीमुळे. तिथे कोणा चाहत्याचा हात नव्हता. कृष्णवर्णीय अभिनेत्री हॅटी मॅक्डॅनियलला २९ फेब्रुवारी १९४० रोजी ऑस्कर मिळाले, त्या समारंभात तिला भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलावर बसवले होते. १९५२ मध्ये ती गेली, तेव्हा व्हॅलेंटिनो जिथे आहे त्याच दफनभूमीने वर्णामुळे तिला जागा नाकारली. तिचे स्मारक तिथे उभे राहिले १९९९ मध्ये. रसिकांच्या प्रेमाला त्यांच्या काळाचे आंधळेपण होते आणि त्याची किंमत अशा कलावंतांनी मोजली. मात्र हे प्रेम त्याच जागी थिजून राहिलेले नाही. ‘द गुड अर्थ’ या १९३७ च्या चित्रपटात चिनी नायिकेची भूमिका चिनी वंशाच्या ॲना मे वाँगला नाकारून लुईज रायनरला दिली गेली आणि रायनरला तीवर ऑस्करही मिळाले. आज जुने चित्रपट पाहणारे वाँगला हुडकून पाहतात. २०२२ मध्ये तिचा चेहरा अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर आला. प्रत्येक पिढी आपले तारे नव्याने निवडते, पण त्यासाठी रिळे आधी शिल्लक असावी लागतात.

शिल्लक रिळे ओळखण्याचे काम किती कसबाचे असते, ते व्हर्जिनियातल्या कल्पेपर गावी पाहायला मिळाले. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तिथल्या केंद्रात २०१२ पासून ‘मोस्टली लॉस्ट’ नावाची कार्यशाळा भरू लागली. ज्यांचे नाव-गाव कोणालाच ठाऊक नाही, शीर्षके गळून गेली आहेत, अशा चित्रपटांचे तुकडे पडद्यावर लावले जात. अभ्यासक, संग्राहक आणि निव्वळ चाहते एकत्र बसत. एरवी चित्रपटगृहात गप्प बसायचे असते, इथे ओरडायचे. मोटारीच्या नंबरप्लेटवरून कोणी राज्य आणि वर्ष सांगे, दुकानाच्या पाटीवरून कोणी शहर ओळखे, आणि मागच्या रांगेतून कोणी तरी दोन सेकंद दिसलेल्या दुय्यम नटाचे नाव पुकारे, कारण त्याचा चेहरा त्याने आयुष्यभर पाहिलेला असे. ते नाव लगेच जुन्या मासिकांतल्या नोंदींशी पडताळले जाई, आणि जुळले तर निनावी डब्यावर चित्रपटाचे शीर्षक लिहिले जाई.