चुकांची नोंद : प्रोग्रामिंग शिक्षणातील एका परंपरेचा इतिहास

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने आठवड्याच्या शेवटी आपण काय शिकलो, कोणता प्रोग्राम कोठे अडला आणि तो कसा मार्गी लागला हे लिहून काढावे, अशी अपेक्षा आज अनेक अभ्यासक्रमांत ठेवली जाते. वरवर पाहता हा अलीकडच्या अध्यापनशास्त्राचा आग्रह वाटतो. परंतु त्याची मुळे संगणकाच्या पहिल्या पिढीपर्यंत पोहोचतात.

केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकाने 6 मे 1949 रोजी वर्गसंख्यांचे कोष्टक छापून आपला पहिला प्रोग्राम पूर्ण केला. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांना जाणवले की, आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच प्रोग्राममधील चुका शोधण्यात जाणार आहे. त्या काळातील त्यांच्या एका प्रोग्रामची छिद्रित कागदी फीत पुढे अभ्यासकांनी तपासली, तेव्हा अवघ्या 126 आज्ञांमध्ये सुमारे 20 चुका आढळल्या. अशा चुका शोधून दुरुस्त करण्याच्या कामाला डीबगिंग म्हणतात. हे काम प्रोग्रामिंगचा अविभाज्य भाग आहे, हे ज्ञान पाठ्यपुस्तकांच्या आधी अनुभवातून आले.

पुढील दोन दशके पंचकार्डांची होती. फोरट्रान भाषेतील प्रत्येक ओळ 80 स्तंभांच्या एका कार्डावर छिद्रे पाडून नोंदवली जात असे. पहिले पाच स्तंभ ओळीच्या क्रमांकासाठी राखीव असत, आज्ञा सातव्यापासून बहात्तराव्या स्तंभापर्यंतच बसवावी लागे आणि एक स्वल्पविराम चुकला तरी सगळे काम अडत असे. कार्डांचा गठ्ठा संगणक केंद्रात जमा केल्यावर निकालाचा छापील कागद हाती येण्यास अनेकदा काही तास, तर कधी एक दिवस लागे. आयआयटी कानपूरमध्ये 1963 साली आलेला आयबीएम 1620 असो, की मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 साली बसवलेला सीडीसी 3600, यंत्राचा वेळ सर्वत्रच दुर्मीळ होता. म्हणून कार्डे जमा करण्यापूर्वी प्रत्येक चलाची किंमत टप्प्याटप्प्याने कागदावर मांडून पाहण्याची, म्हणजेच ड्राय रन करण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली. चिंतन हे त्या व्यवस्थेत वेगळे शिकवावे लागत नव्हते. प्रतीक्षेनेच ते घडवून आणले.

डार्टमथ महाविद्यालयात 1 मे 1964 रोजी जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी बेसिक भाषा सुरू केली आणि एकाच संगणकाचा वेळ अनेकांना वाटून देणारी टाइम-शेअरिंग पद्धत तिच्या जोडीला आणली, तेव्हा ही प्रतीक्षा सेकंदांवर आली. शिक्षण खुले झाले, हा त्याचा निर्विवाद लाभ होता. मात्र बदल करून लगेच चालवून पाहणे शक्य झाल्यामुळे चुकीचे कारण न समजताच ती नाहीशी करण्याची मुभाही मिळाली.

त्यावरचा उपाय म्हणून लेखन जाणीवपूर्वक परत आणावे लागले. डोनाल्ड नुथ यांनी 1978 पासून टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतील दुरुस्त्यांची नोंद ठेवली आणि 1989 मध्ये त्यांचे 15 प्रकारांत वर्गीकरण करून ती प्रसिद्ध केली. वॉट्स हम्फ्री यांनी 1995 मध्ये मांडलेल्या वैयक्तिक कार्यपद्धतीत विद्यार्थ्याने प्रत्येक चूक कोणत्या टप्प्यात शिरली, कोणत्या टप्प्यात सापडली आणि ती दुरुस्त करण्यास किती मिनिटे लागली, हे लिहिणे बंधनकारक होते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत प्रॅक्टिकलच्या जर्नलची परंपरा जुनी आणि बळकट आहे. उद्देश, अल्गोरिदम, फ्लोचार्ट, प्रोग्राम आणि आउटपुट या क्रमाने ते लिहिले जाते आणि शिक्षकांच्या सहीनंतर पूर्ण मानले जाते. परंतु त्यात सामान्यतः उतरतो तो अखेरचा, निर्दोष प्रोग्राम. तेथपर्यंत नेणारे फसलेले प्रयत्न गाळले जातात, आणि त्यांच्यासोबत शिकण्याचा खरा पुरावाही. साप्ताहिक चिंतनाचे महत्त्व येथेच आहे. विल्क्स यांच्या फितीने आणि नुथ यांच्या नोंदींनी सिद्ध केले आहे की, जपून ठेवलेली चूक पुढच्या पिढीलाही शिकवते. म्हणून जर्नलमध्ये आउटपुटनंतर एक पान चुकांसाठी राखून ठेवणे, ही या विद्याशाखेच्या मूळ शिस्तीचीच पुनःस्थापना ठरेल.