दहा वाजून दहा मिनिटं

जुन्नर तालुक्यात पाहण्यासारखं काय, असं विचारलं तर लोक शिवनेरी सांगतात, नाणेघाट सांगतात, लेणी सांगतात. आमचे नारायणगावचे दाजी मोबाईल काढून घड्याळांचे फोटो दाखवतात. माणसांचे फोटो ते काढत नाहीत. "माणूस हलतो," म्हणतात. त्यांच्या संग्रहातली निम्मी घड्याळं या बाबतीत फार समजूतदार आहेत.

या छंदामागे इतिहास आहे. मनगटी घड्याळ आपल्याकडे वेळ पाहण्यापेक्षा दाखवण्याची वस्तू. वेळ सांगायला सूर्य होता. देशाची प्रमाण वेळ 1 जानेवारी 1906 रोजी आली, पण मुंबईने आपली 39 मिनिटं मागची वेळ 1955 पर्यंत सोडली नाही. खुद्द मुंबईचीच ही तऱ्हा, तर मंचरच्या माणसाने घाई का करावी?

मग 1961 साली हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजे आपल्या एचएमटीने, जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं काढली. पहिली खेप पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर अशी नावं घरोघर गेली. नवऱ्यामुलाच्या मागण्यांत सायकल आणि ट्रान्झिस्टरच्या पंगतीला घड्याळ येऊन बसलं. त्या काळातला कुठलाही नवरदेव फोटोत पाहा. हात असा आडवा धरलेला, की हार कुठेही जावो, तबकडी दिसली पाहिजे. घड्याळाची फोटोग्राफी आपल्याकडे तिथेच सुरू झाली म्हणा ना! फक्त घड्याळाभोवती एक माणूस असे.

दाजींनी तो माणूस काढून टाकला. पण काच मोठी चहाडखोर. पहिल्या फोटोत पायलटच्या काळ्या तबकडीवर दाजींचं बनियन स्पष्ट उमटलं होतं. आता खिडकीला अक्काचा बटर पेपर लागतो, बाजूला जुन्या मखराचं थर्माकोल उभं राहतं, आणि काटे दहा वाजून दहा मिनिटांवर येतात. जुन्या जाहिरातींत ते बहुधा आठ वीसला असत. घड्याळ रडवं दिसे. दहा दहाला ते हसतं, आणि वरचं कंपनीचं नावही मोकळं राहतं.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. 2016 मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं आणि जुन्या मालाला भाव आला. भावामागून नकलाही आल्या. तबकडी नव्याने रंगवायची, एकाचं यंत्र दुसऱ्याच्या पोटात घालायचं, आणि वर 'अस्सल' म्हणून विकायचं. म्हणून संग्राहक पुढून, मागून, झाकण उघडून आतला फोटो घेतात आणि एकमेकांना दाखवून ताडून पाहतात. "पाव्हणं, हा घड्याळाचा सातबारा," दाजी सांगतात.

डिंभे धरणात जुनं आंबेगाव बुडालं. तिकडचे एक म्हातारे गृहस्थ वडिलांची 'जनता' घेऊन दाजींकडे आले. एका दुकानदाराने तबकडी नवी कोरी करून देतो म्हटलं होतं. दाजी म्हणाले, "बाबा, हात लावू देऊ नका. तुमच्या वडलांनी ह्याच पिवळ्या तबकडीत वेळ बघितली." फोटो काढताना काटेही हलवले नाहीत. घड्याळ साडेचारला बंद पडलं होतं, फोटोतही साडेचारच वाजलेत. म्हाताऱ्यांनी तो फोटो बराच वेळ हातात धरला. गाव पाण्याखाली गेलेल्या माणसाला काय जपायचं ते शिकवावं लागत नाही.

बंद घड्याळं कशाला सांभाळता, असं कुणी विचारलं की दाजी खोडदकडे बोट दाखवतात. तिथल्या महाकाय दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. त्या स्पंदक ताऱ्यांची टिकटिक टिपतात, आणि ती टिकटिक तिकडून निघाली त्याला शेकडो, हजारो वर्षं झालेली असतात.

"जुनी वेळ टिपायला तिथं सरकार पगार देतंय. आम्ही तेच फुकट करतो," दाजी म्हणतात.

"फुकट कुठलं?" आतून अक्का ओरडते. "माझा बटर पेपर संपलाय!"