मेदहारक औषधांचा शोध

स्थूल मनुष्य म्हणजे खादाड मनुष्य, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. एकादशीचा निग्रह ज्यांना सहज साधतो, ते तो न साधणाऱ्याकडे किंचित तुच्छतेने पाहतात. आम्हीही पाहिले आहे. परंतु मेद उतरविणाऱ्या औषधांचा इतिहास वाचू लागल्यावर आमचे हे मत टिकले नाही.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल हाताळणारे कामगार घामाने निथळत, वाळत चालले, काही दगावले. हेच द्रव्य १९३३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी स्थूलतेवर योजिले. चुलीवर भांडे न ठेवता सरपण जाळावे, तसा त्यामुळे देहातील मेद नुसत्या उष्णतेत खर्ची पडे. वजन उतरे, हे खरेच! पण कित्येकांस मोतीबिंदू झाला, कोणी ज्वराच्या दाहाने मेले. १९३८ च्या कायद्यानंतर ते तेथे बंद पडले. पुढे अँफेटामीन आले, त्याचे व्यसन लागले. फेनफ्लुरामीन हृदयाच्या झडपा बिघडवी, म्हणून १९९७ साली तेही मागे घ्यावे लागले.

यश आले ते मधुमेहाच्या वाटेने. १९८० नंतरच्या दशकात बॉस्टनमध्ये जोएल हॅबनर व स्वेतलाना मोयसोव्ह आणि डेन्मार्कमध्ये येन्स यूल होल्स्ट हे आतड्यातील एका संप्रेरकाचा अभ्यास करीत होते. जीएलपी-वन हे त्याचे नाव. जेवणानंतर ते रक्तात येते व इन्शुलिनास चालना देते. (पेटंटांत आपले नाव यावे म्हणून मोयसोव्ह यांना पुढे झगडावे लागले; लास्कर पारितोषिक त्यांस मिळाले ते २०२४ साली.) हेच संप्रेरक मेंदूत पोहोचविले असता उंदीर कमी खातात, असे १९९६ साली लंडनच्या संशोधकांनी दाखविले. भूक ही केवळ जिभेची हाव नव्हे, हे येथे उघड झाले.

अडचण एवढीच, की रक्तात हे संप्रेरक दोन-एक मिनिटेच तग धरते. डेन्मार्कमधील लोटे ब्येरे क्नूड्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या प्रतिरूपास मेदाम्लाची शेपटी जोडली; ती रक्तातील अल्ब्युमिनास चिकटून राहते. मेद उतरविण्यास मेदाचेच साह्य, ही गंमतच म्हणावयाची! यातूनच पुढे सेमाग्लुटाइड निघाले. ते आठवड्यास एकदा टोचले की पुरते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले. आहार-व्यायामाचा तोच उपदेश, पण औषधाविना नुसती सुई, असे ज्यांस मिळाले, त्यांचे अडीच टक्केही उतरले नाही.

मळमळ व वांती मात्र पुष्कळांस झाली. आणि औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले.