समाजवादाच्या शपथेची कुळकथा

भारतात नवा राजकीय पक्ष काढणाऱ्याला स्थापनेपासून 30 दिवसांच्या आत निवडणूक आयोगाकडे नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. अर्जासोबत पक्षाची घटना जोडायची असते आणि त्या घटनेत एक ठरावीक तरतूद असावीच लागते: पक्ष भारतीय संविधानाशी, तसेच समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा बाळगील आणि देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता राखील. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 29-अ कलमातले हे पाचवे पोटकलम. संविधानाशी किंवा लोकशाहीशी निष्ठा मागण्यात वावगे काही नाही. लोकशाही मार्गाने निवडणूक लढवणाऱ्याने तेवढे मानायलाच हवे. समाजवादाचे तसे नाही. सरकारने कमीत कमी कामे करावीत आणि बाकीची लोकांवर सोडावीत, असे मानणारा पक्षही लोकशाहीत असू शकतो. भारतात तो होता, आणि या शपथेची सर्वात जास्त अडचण त्याच्याच वारसांना झाली.

शपथेचे मूळ याहून साधे आहे. 1950 च्या मूळ संविधानात शपथ निवडून आल्यावर घ्यायची होती. खासदार-आमदार सभागृहात बसण्यापूर्वी संविधानाशी निष्ठेची शपथ घेत. उमेदवाराला किंवा पक्षाला कोणी काही विचारत नसे. मतदाराने निवडायचे आणि निवडलेल्याने संविधान पाळायचे, असा हा हिशेब. समाजवाद त्यात कुठेच नव्हता, आणि तो नजरचुकीने राहून गेला होता असेही नाही. मुंबईचे अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी 15 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत दुरुस्ती मांडली होती, की भारताला ‘धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी’ संघ म्हणावे. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचे असते. संविधानातच ती बांधून टाकली तर लोकांचा निवडीचा हक्क हिरावला जाईल, असे त्यांचे म्हणणे. मार्गदर्शक तत्त्वांत समाजवादाला जवळचा आशय आधीच आला आहे, हे त्यांचे दुसरे कारण. शहांची दुरुस्ती फेटाळली गेली. पुढे चाळीस वर्षांनी पक्षांच्या बाबतीत नेमके तेच घडले, ज्याला आंबेडकरांनी अटकाव केला होता.

शपथ पुढे सरकली ती 1963 मध्ये. द्रविड मुन्नेत्र कळघमच्या स्वतंत्र द्रविडनाडूच्या मागणीमुळे दिल्लीत चिंता होती. त्या वर्षीच्या सोळाव्या घटनादुरुस्तीने निवडणुकीला उभे राहणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता राखण्याची शपथ घ्यायला लावली. द्रमुकने मागणी सोडून दिली आणि शपथ कायद्यात राहिली. निवडून आल्यानंतरची अट आता उभे राहण्याआधीची झाली, हा बदल दिसायला लहान असला तरी मोठा होता. तरीही या शपथेचा विषय देशाच्या अस्तित्वापुरताच होता. आर्थिक मत अजून मोकळे होते, आणि त्या मोकळ्या जागेत कमीत कमी सरकारचा पुरस्कार करणारा ‘स्वतंत्र पक्ष’ उभा होता.

1955 च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला आणि जानेवारी 1959 मध्ये नागपूरला संयुक्त सहकारी शेतीचा. दुसरा ठराव शेतकऱ्याच्या जमिनीला हात घालणारा होता. चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजेच राजाजी, तेव्हा ऐंशीच्या घरात होते. देशाचे पहिले भारतीय गव्हर्नर जनरल आणि मद्रासचे मुख्यमंत्री राहिलेल्या या माणसाने अर्ध्याहून अधिक आयुष्य काँग्रेसमध्ये काढले होते. मद्रासमध्ये अन्नधान्यावरचे नियंत्रण त्यांनी 1952 मध्ये उठवले होते. नियंत्रण गेले की धान्य बाजारात येते, हे त्यांनी कारभारात पाहिलेले होते. ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्दप्रयोगही त्यांचाच. जून 1959 मध्ये मद्रासला स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मुंबईत पहिले अधिवेशन. आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा अध्यक्ष झाले, मिनू मसानी सरचिटणीस.

मसानींची निवड लक्षात घेण्याजोगी आहे. 1934 साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापणाऱ्यांत ते स्वतः होते. त्या पक्षाची कल्पना नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन यांच्यासारख्या सोबत्यांच्या चर्चांतून आली होती. पुढे मुंबईचे महापौर झालेले मसानी सोव्हिएत रशियाचा अनुभव पाहून समाजवादापासून पूर्ण दूर गेले. समाजवादाला विरोध करणाऱ्या पक्षाचा कारभार एका जुन्या समाजवाद्याच्या हाती होता, त्यामुळे तो विरोध अज्ञानातून आलेला म्हणता येत नाही.

पक्षाने एकवीस तत्त्वे जाहीर केली. सरकारी हस्तक्षेप कमीत कमी असावा, शेतकऱ्याची जमीन त्याच्याच मालकीची राहावी, मालमत्तेचा आणि व्यवसायाचा मूलभूत हक्क जपला जावा, मालमत्ता घेतली तर वाजवी भरपाई मिळावी, हा त्यांचा गाभा. गांधींच्या विश्वस्त कल्पनेलाही त्यांत जागा होती. पण सर्वात वेगळी गोष्ट पक्षाच्या स्वतःच्या कारभाराची होती. या एकवीस तत्त्वांपलीकडच्या कोणत्याही प्रश्नावर सदस्याने स्वतःच्या बुद्धीने मत द्यावे, पक्ष त्याला आदेश देणार नाही. प्रतिनिधी हा मतदारांचा, पक्षश्रेष्ठींचा नव्हे, असा त्यामागचा विचार. सरकारचे अधिकार मर्यादित असावेत म्हणणाऱ्याने पक्षाचे अधिकारही मर्यादित ठेवले, हे सुसंगत होते. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्वच जाऊ लागले, तेव्हा अशी मोकळीक देणारा पक्ष चालवणे कायद्याच्या दृष्टीने जवळपास अर्थहीन झाले.

निवडणुकीकडे स्वतंत्र पक्ष दोन अंगांनी पाहत असे. एकाच पक्षाला सतत प्रचंड बहुमत मिळाले की संविधानातल्या मर्यादा कागदावर राहतात, म्हणून सत्ता मिळो न मिळो, सरकारला अडवण्याइतका विरोधी पक्ष संसदेत हवाच, ही पहिली बाजू. दुसरी बाजू पैशाची. ज्याच्या हाती परवाने आहेत त्यालाच उद्योगपती देणगी देणार; म्हणजे सरकारचे अधिकार वाढले की सत्ताधाऱ्यांचा निवडणूक निधीही वाढतो, हे राजाजींच्या टीकेचे मर्मस्थळ होते. टाटांच्या एका कंपनीला राजकीय देणगी देण्याची मुभा असावी का, हा प्रश्न 1957 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती छागलांनी परवानगी दिली, पण अशा देणग्यांत लोकशाहीला धोका आहे हेही बजावले. 1961 मध्ये टाटांनी काँग्रेसबरोबर स्वतंत्र पक्षालाही देणगी द्यायचे ठरवले. इतके धारिष्ट फार थोड्या घराण्यांनी दाखवले. पक्षाची ही अडचण कधीच सुटली नाही: सरकारच्या मेहेरबानीवर जगणाऱ्यांकडूनच सरकारचा आकार कमी करण्यासाठी पैसा मागायचा होता. 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवरच बंदी आली.

मते मात्र अपेक्षेहून बरी मिळाली. 1962 मध्ये लोकसभेत 18 जागा, 1967 मध्ये 44 जागा आणि पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास मते. चौथ्या लोकसभेत तो सर्वात मोठा विरोधी पक्ष होता. गुजरात विधानसभेत 66 आमदार आले, ओडिशात रा. ना. सिंगदेव यांच्या नेतृत्वाखाली आघाडीचे सरकार आले. यातले बरेच यश विचारांचे नव्हते, हे मान्य करावे लागते. ओडिशात जुन्या गणतंत्र परिषदेची ताकद होती, राजस्थानात राजघराण्यांची, बिहारात रामगढच्या राजाची. मर्यादित सरकारची भाषा करणाऱ्या पक्षाला मते मिळत होती ती अनेक ठिकाणी राजाच्या नावावर, आणि नेहरूंनी सरंजामदारांचा पक्ष म्हणून त्याची संभावना केली तेव्हा उत्तर देणे अवघड गेले. जिथे मसानी राहत, जिथे पक्षाचे पहिले अधिवेशन भरले, त्या महाराष्ट्रात 1962 आणि 1967 या दोन्ही विधानसभा निवडणुकांत पक्षाला एकही जागा मिळाली नाही. इथे काँग्रेसविरोधाची जागा शेकाप, समाजवादी आणि कम्युनिस्टांनी आधीच व्यापलेली होती, आणि पाठीशी उभे राहतील असे संस्थानिकही पक्षाकडे नव्हते.

पक्षाने सरकारवर मर्यादा घालण्याचे काम न्यायालयांतूनही केले. बँक राष्ट्रीयीकरणाविरुद्धच्या खटल्यातले अर्जदार रुस्तम कूपर स्वतंत्र पक्षाचेच होते. फेब्रुवारी 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, सरकारने लगेच दुसरा केला. मूलभूत हक्कांत बदल करण्याचा संसदेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालाने काढला, तेव्हा तो परत मिळवण्यासाठी कोकणातून निवडून आलेल्या नाथ पै यांनी विधेयक आणले. स्वतंत्र पक्षाने त्याला विरोध केला. या वादात दोन्ही बाजू लोकशाहीवादीच होत्या. नाथ पैंना निवडून आलेली संसद सर्वोच्च हवी होती, मसानींना निवडून आलेल्या संसदेवरही लगाम हवा होता. मर्यादित सरकारच्या विचाराचा सगळा पेच या एका प्रसंगात सापडतो.

1971 च्या निवडणुकीत पक्ष आठ जागांवर आला. तोवर अध्यक्ष झालेल्या मसानींनी पद सोडले, डिसेंबर 1972 मध्ये राजाजी वारले आणि 1974 मध्ये पक्षाचे नेते पिलू मोदींनी पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन केला. नागपूरच्या ठरावाला काँग्रेसमध्ये राहून विरोध करणारे चरणसिंगच होते, एवढा एक धागा त्यात जुळत होता. महाराष्ट्र शाखेतल्या काहींनी विलीनीकरण न मानता नाव जपून ठेवले.

दोनच वर्षांनी, आणीबाणीत, 42 व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द घातले. विरोधी नेते तुरुंगात असताना झालेली ही दुरुस्ती पुढे जनता सरकारने बरीचशी मोडून काढली, हे शब्द मात्र ठेवले. उद्देशिकेतला शब्द कोणालाही शपथ घ्यायला लावत नाही. ते काम डिसेंबर 1988 मध्ये झाले. राजीव गांधी सरकारने निवडणूक सुधारणांचे विधेयक आणले. मतदान यंत्रे वापरण्याची आणि मतदान केंद्र बळकावण्याला शिक्षेची तरतूद त्यातच होती. त्याआधी पक्षांची नोंदणी 1968 च्या चिन्हवाटप आदेशाखाली होत असे. आता ती कायद्यात आली, आणि उद्देशिकेतले शब्द उचलून शपथेत बसवले गेले. यंत्रे आणि केंद्र बळकावणे यांच्या गडबडीत समाजवादाच्या अटीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आक्षेप घेण्यात ज्याचे हित होते तो पक्ष संसदेत उरलेलाच नव्हता. 15 जून 1989 पासून कलम लागू झाले, आणि अवघ्या दोन वर्षांत सरकारनेच परवाना पद्धत मोडीत काढायला सुरुवात केली.

महाराष्ट्रातल्या स्वतंत्र पक्षाने नव्वदच्या दशकात नव्याने नोंदणी करायचे ठरवले, तेव्हा ही अट आडवी आली. पक्षाचे जुने कार्यवाह एस. व्ही. राजू यांनी समाजवादावर निष्ठा लिहून द्यायला नकार दिला आणि 1996 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात या पोटकलमाला आव्हान दिले. मनात नसलेली निष्ठा लिहून देणे म्हणजे खोटी शपथ घेणे, असा त्यांचा साधा युक्तिवाद होता. याचिका वर्षानुवर्षे पडून राहिली. नोंदणी नसेल तर पक्षाचे उमेदवार कायद्याने अपक्ष ठरतात आणि राजकीय पक्षाला मिळणारी प्राप्तिकराची सूटही मिळत नाही. तत्त्वाची ही किंमत त्यांनी मोजली.

दुसरा वारसा शेतकरी संघटनेतून आला. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करणाऱ्या शरद जोशींनी शेतमालाच्या भावाचा प्रश्न सरकारी हस्तक्षेपाचा प्रश्न म्हणून मांडला. सूट-सबसिडी नको, घामाचे दाम हवेत, ही त्यांची भाषा राजाजींपेक्षा कितीतरी जास्त शेतकऱ्यांपर्यंत पोचली. 1994 मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. विधानसभेत त्याला नगण्य यश मिळाले. आंदोलनाला लाखोंनी येणारा शेतकरी मत देताना जात, गट आणि साखर कारखाना पाहत होता. 2004 मध्ये राज्यसभेवर गेलेल्या जोशींनी 29-अ मधून ‘समाजवाद’ शब्द वगळण्याचे खासगी विधेयक आणले. त्याचा कायदा झाला नाही. मार्च 2010 मध्ये महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत 186 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झाले. ते एक मत जोशींचे होते. चांदवडला लाखो शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरवणाऱ्या माणसाचा आक्षेप स्त्रियांना नव्हता, तर आळीपाळीने मतदारसंघ बदलत राहण्याच्या पद्धतीला होता.

न्यायालयांनी आजवर या प्रश्नाला बगल दिली आहे. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नोंदणीच्या वेळी दिलेले वचन पक्षाने मोडले म्हणून निवडणूक आयोग नोंदणी काढून घेऊ शकत नाही. म्हणजे शपथ दारात मागितली जाते, आत गेल्यावर ती कोणी तपासत नाही. कोलकात्याच्या एका संस्थेने उद्देशिका आणि 29-अ या दोन्हींविरुद्ध याचिका केली, तेव्हा समाजवाद म्हणजे फक्त कम्युनिस्टांचा अर्थ कशाला धरता, असे सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2008 मध्ये विचारले. 2010 मध्ये याचिका मागे घेतली गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये उद्देशिकेतल्या शब्दांविरुद्धच्या याचिका फेटाळताना न्यायालयाने समाजवादाचा अर्थ कल्याणकारी राज्य असा लावला आणि खासगी उद्योगाला त्याने आडकाठी येत नाही असे म्हटले. इतका सैल अर्थ असेल तर शपथेचा आग्रह कशासाठी, हा प्रश्न त्यामुळे उलट जास्त टोकदार होतो. पाचवे पोटकलम 1989 मध्ये होते तसेच आहे, आणि त्यानंतर नोंदणी झालेल्या प्रत्येक पक्षाने, त्याचे आर्थिक धोरण काहीही असो, समाजवादावर निष्ठा लिहून दिलेली आहे.