सर्व्हर डाऊन : बिघाड शोधण्याच्या रीतीचा इतिहास

भंडारा–पवनी रस्त्यावरील अड्याळसारख्या गावात सातबारा किंवा एखादा दाखला काढताना संगणकाचा पडदा थिजला, की ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढे एकच वाक्य पुरेसे मानले जाते. बँकेत त्याच जागी ‘लिंक फेल’ म्हणतात. रस्त्याच्या कामात तुटलेली केबल, दूरच्या शहरात बंद पडलेला संगणक आणि कोणीतरी चुकीचा लिहिलेला नियम हे तिन्ही दोष या एका वाक्यात सामावतात. ते एकमेकांपासून वेगळे ओळखण्याची विद्या मात्र संगणकाहून बरीच जुनी आहे.

१८५५ साली भारतात तारयंत्र जनतेसाठी खुले झाले. तारमार्गासाठी सामान्यतः एकच तार ओढली जाई आणि विजेच्या परतीचा मार्ग म्हणून जमिनीचा उपयोग केला जाई. पलीकडून उत्तर येईनासे झाले, की तारबाबू आपल्याच टोकाशी विद्युत्प्रवाह मोजत असे. प्रवाह शून्य असेल तर तार तुटलेली, आणि नेहमीपेक्षा जास्त असेल तर ती वाटेत कोठेतरी ओल्या जमिनीला किंवा झाडाला टेकलेली, असा त्याचा अर्थ होई. दुसऱ्या प्रकारात तारेचा रोध मोजून दोषाचे अंतरही काढता येई, आणि मगच लाइनमन त्या खांबाकडे निघे. दोन्ही वेळा पलीकडे शांतताच असली, तरी त्या दोन शांततांत फरक आहे, हे या व्यवसायाने फार लवकर ओळखले.

संगणकांच्या जाळ्यात हीच कसोटी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेतील माइक मूस यांनी ‘पिंग’ या लहानशा प्रोग्रॅमच्या रूपाने आणली. पाणबुडी शोधणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून त्यांनी त्याला हे नाव दिले. एक पॅकेट, म्हणजे पत्ता घातलेला माहितीचा तुकडा, पलीकडे धाडायचा आणि प्रतिध्वनीची वाट पाहायची, एवढेच त्याचे काम. पुढे चार-पाच वर्षांत व्हॅन जेकबसन यांच्या ‘ट्रेसरूट’ने पॅकेट वाटेतील कोणकोणत्या टप्प्यांवरून जाते हेही दाखवले, म्हणजे खांब मोजण्याची सोय झाली.

क्लाउडने, म्हणजे दूरचे संगणक जाळ्यावरून भाड्याने वापरण्याच्या पद्धतीने, मात्र या कसोटीची धार बोथट केली. ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये आभासी यंत्रे, म्हणजे एका प्रत्यक्ष संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक, भाड्याने देण्यास सुरुवात केली आणि जून २०१६ मध्ये मुंबईत आपले केंद्र उघडले. तेथील यंत्राभोवती ‘सिक्युरिटी ग्रुप’ नावाचे नियमांचे कुंपण असते. नव्याने तयार केलेला ग्रुप मुभा दिल्याशिवाय बाहेरून येणारे काहीही आत सोडत नाही, आणि पिंगही त्याला अपवाद नाही. त्यामुळे पिंगला उत्तर न मिळणे हा यंत्र बंद असल्याचा पुरावा राहिला नाही. नवशिके येथेच अधिक फसतात, कारण क्लाउडच्या नियंत्रण-पटलावर यंत्र ‘चालू’ दिसते आणि आत मात्र शिरता येत नाही.

अशा वेळी जाणकार पडद्यावरचा संदेश नीट वाचतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे उत्तर तत्काळ आले, तर बहुधा पॅकेट यंत्रापर्यंत पोचले, पण त्या पोर्टवर, म्हणजे सेवेच्या ठरलेल्या दारावर, ऐकणारा प्रोग्रॅम चालू नाही, असे समजावे. बराच वेळ काहीच न घडता ‘टाइम आउट’ आले, तर बहुधा पॅकेट वाटेत गिळले गेले. मग सिक्युरिटी ग्रुप, मार्गदर्शक तक्ता, म्हणजे कोणते पॅकेट कोणीकडे वळवायचे याची यादी, आणि यंत्राला सार्वजनिक पत्ता दिला आहे की नाही, हे क्रमाने तपासावे लागते. फायरवॉल, म्हणजे नियमांनुसार पॅकेटे अडवणारी भिंत, मुद्दाम नकार पाठवत असेल, तर पहिला निष्कर्षही चुकतो. तारबाबूचा दोष ऊनपावसाने किंवा झाडाच्या फांदीने केलेला असे. येथील दोष बहुधा कोणीतरी स्वतःच्याच हाताने टंकलेला असतो, आणि तो खांबावर चढून दिसत नाही.

फायरवॉलचा नियम चुकीचा लिहून स्वतःलाच बाहेर कोंडून घेण्याचे प्रकार इतके होतात, की जाळ्याला वळसा घालून थेट यंत्रात शिरण्याची वाट ठेवावी लागली. मार्च २०२१ मध्ये ॲमेझॉनने ती ‘सिरियल कन्सोल’ या नावाने खुली केली. संगणकाच्या मागे पूर्वी जी एक केबल खोचून तंत्रज्ञ समोर बसत असे, तिच्यावरून हे नाव आले आहे.