झेब्रा डॅनिओ : धानशेतातून काचेच्या पेटीत

१/
घरातले पहिले मत्स्यालय भरते ते बहुधा गप्पी, मॉली, निऑन टेट्रा आणि निळ्या पट्ट्यांच्या, क्षणभरही स्वस्थ न बसणाऱ्या झेब्रा डॅनिओंनी. दुकानात हे सारे ‘फॉरेन’ म्हणून एकाच रांगेत मांडलेले असतात. गप्पी आणि टेट्रा दक्षिण अमेरिकेकडचे खरेच. डॅनिओ मात्र गंगेच्या खोऱ्यातला, म्हणजे अस्सल इथला.

२/
विज्ञानाशी त्याची ओळख करून दिली फ्रान्सिस बुकानन या ईस्ट इंडिया कंपनीच्या स्कॉटिश डॉक्टराने. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूर आणि मलबारची पाहणी करणारा हाच गृहस्थ. १८०७ ते १८१४ या काळात त्याने बंगाल इलाख्याची पाहणी केली. शेती, जमीन, जातिव्यवस्था, हातमाग यांच्या नोंदींबरोबर तो मासेही नोंदवीत गेला. १८२२ साली एडिंबरोहून त्याचा गंगेच्या माशांवरील ग्रंथ निघाला आणि शंभराहून अधिक नव्या जाती शास्त्रात दाखल झाल्या. तोवर आईकडची मालमत्ता मिळाल्यामुळे त्याने हॅमिल्टन हे नाव घेतले होते. म्हणून माशांच्या शास्त्रीय नावांपुढे ‘हॅमिल्टन, १८२२’ असे लिहिलेले आढळते.

३/
त्याच्या ग्रंथातील खरी मौज नावांत आहे. लॅटिन साच्यात त्याने कोळ्यांच्या तोंडचे शब्द ओतले. रोहूचे ‘रोहिता’, कटल्याचे ‘कटला’ आणि ‘डॅनिओ’ हे बंगालीतील ‘धानी’वरून, म्हणजे धानशेतातला, असे मानले जाते.
दख्खनमध्ये हेच पुढे कर्नल साइक्स यांनी केले. पुण्याजवळ मुळा-मुठेत सापडणाऱ्या महसीरच्या नावात ‘खुद्री’ हा इकडचाच शब्द आजही टिकून आहे.

४/
‘धानशेतातला’ हे विशेषण मत्स्यालय ठेवणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे असे आहे. पावसाळ्यात पाणी शेतात, खाचरांत, ओहोळांत पसरते. त्या उथळ पाण्यात दुपार तापते, रात्र गार होते. अशा पाण्यात वाढलेला मासा १८ ते २५ अंशांच्या तापमानात सहज राहतो. थव्याशिवाय तो बेचैन होतो, म्हणून निदान सहा तरी असावेत. पेटी उंच असण्यापेक्षा लांब असावी आणि तिला झाकण हवेच, कारण तो उडी मारतो. लांब परांच्या संथ माशांशी त्याची संगत करू नये. खाद्य तोच आधी पळवतो.

५/
आता चित्रांकडे. बुकाननसाठी प्राण्यांची चित्रे काढणाऱ्यांत हलुदर नावाचा बंगाली चित्रकार होता. १८१५ साली बुकानन मायदेशी निघाला, तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड मॉयरा (पुढचे मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज, वॉरन हेस्टिंग्ज नव्हेत) यांनी ती चित्रे कंपनीची मालमत्ता म्हणून ठेवून घेतली. छापील ग्रंथात जेमतेम ३९ चित्रफलक आले. कलकत्त्यात राहिलेल्या चित्रांचा उपयोग १८३९ साली जॉन मॅक्लेलंड यांनी आपल्या ग्रंथासाठी केला. मालकी कुणाची, यावर साहेबांत वाद झाला. ज्यांच्या हातांनी ती काढली, त्यांचा प्रश्न त्या वादात कुठेच नव्हता. हलुदरचे नाव आजही फार थोड्यांना ठाऊक आहे.

६/
विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डॅनिओ जर्मनीत पोहोचला. पाणी तापवण्याची सोय तेव्हा कटकटीची होती आणि हा गारठा सोसणारा पाहुणा चटकन रुळला. एकच अडचण : अंडी घातली की तो स्वतःच ती गट्ट करतो. हौशी लोकांनी तळाशी काचेच्या गोट्या पसरल्या. अंडी फटींत पडली आणि वाचली.

७/
ही साधी युक्ती प्रयोगशाळेतही गेली. १९३४ साली चार्ल्स क्रीझर यांनी वर्षभर हवी तेव्हा अंडी कशी मिळवावीत यावर निबंध लिहिला. अंडे पारदर्शक, भ्रूण आईच्या पोटाबाहेर वाढणारा. दिवसभरात हृदय ठोके देताना दिसते. मग ऑरेगन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी या माशाला आनुवंशिकीत आणले. १९८१ साली ‘नेचर’मध्ये त्यांच्या माशांची एकजिनसी कुळे प्रसिद्ध झाली. ‘एबी’ हे त्यांचे प्रसिद्ध वाण दुकानातून विकत आणलेल्या माशांपासून तयार झाले होते!

८/
२०१३ साली जनुकसंच प्रसिद्ध झाला. मानवी जनुकांपैकी सुमारे ७० टक्क्यांना या माशात जोडीदार सापडला. एक कोडे मात्र सुटेना : पिलू नर होणार की मादी, हे ठरते कशाने? एबी आणि जर्मनीतील ट्युबिंगेन या वाणांत लिंगगुणसूत्राचा मागमूस लागत नव्हता.

९/
उत्तर २०१४ साली मिळाले, तेही रानातल्या रक्ताच्या माशांत. त्यांच्या चौथ्या गुणसूत्रावर लिंग ठरवणारा भाग होता. पिढ्यानपिढ्या काचेत वाढलेल्या वाणांतून तो नाहीसा झाला होता. ज्या वाणांनी हा पुरावा दिला, त्यांपैकी दोन बंगालमधून नेलेली होती. एकाचे नाव नदिया, दुसऱ्याचे कूचबिहार.